चांदमारीच्या जमिनी : लष्करी सरावक्षेत्रांचे प्रदूषण व शुद्धीकरण – एक ऐतिहासिक अभ्यास (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

लष्करी इतिहासाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने लढाया, तह, सेनानी आणि राजकीय परिणाम या अंगांनी झाला आहे. प्रत्यक्षात कोणतेही सैन्य लढाईत फार थोडा काळ असते. त्याचा बहुतेक काळ छावणीत आणि सरावात जातो. सरावासाठी जमीन लागते, आणि एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या जातात, तोफगोळे डागले जातात, कालबाह्य दारूगोळा नष्ट केला जातो. लढाईचे मैदान एखाद्या दिवसाचे असते. सरावाचे मैदान मात्र तीन-तीन पिढ्या वापरात राहते. सैन्य निघून गेल्यावर ही जमीन पुन्हा शेतीकडे, गुरचरणाकडे किंवा नागरी वस्तीकडे वळते. तेव्हा ती कोणत्या अवस्थेत परत येते, तिची सफाई कोणी करायची आणि त्या सफाईची किंमत आजवर कोणी मोजली, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावेत असे आहेत.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील वाचकाला हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु नांदेडच्या उत्तरेस असलेले हिंगोली आणि लातूरच्या वायव्येस असलेले अंबाजोगाई, म्हणजे त्या काळचे मोमिनाबाद, ही दोन्ही गावे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लष्करी छावण्या होती. जालना व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथेही छावण्या होत्या. गोळीबाराच्या सरावाच्या जागेला आपल्या लोकांनी 'चांदमारी' हे नाव दिले. पुण्यातील 'गोळीबार मैदान' आज गजबजलेल्या वस्तीचे नाव आहे. जमिनीचा उपयोग बदलला तरी नाव मागे राहिले. नावाबरोबर मातीत आणखी काय मागे राहते, याचा शोध हा या निबंधाचा विषय आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : १) मराठवाड्यातील छावण्यांच्या संदर्भात लष्करी सरावभूमीचा इतिहास मांडणे, २) अशा भूमीतील प्रदूषणाचे स्वरूप दख्खनच्या माती-खडकाच्या अनुषंगाने समजून घेणे, ३) शुद्धीकरणाच्या जबाबदारीविषयी कायदा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर तपासणे. विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून महाराष्ट्रातील, देशातील व परदेशातील निवडक उदाहरणांची तुलना केली आहे.

१. हैदराबाद कंटिंजंट आणि मराठवाड्यातील छावण्या

निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली जे सैन्य उभे राहिले ते पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' या नावाने ओळखले गेले. या सैन्याच्या आरंभीच्या मोहिमांपैकी एक आजच्या नांदेड जिल्ह्यातच घडली. हटकरांचे नेते नोवसाजी नाईक यांच्या ताब्यातील नोव्हा येथील गढी १८१९ च्या जानेवारीत या सैन्याने वेढा घालून घेतली, आणि 'नोवा' हे नाव कंटिंजंटच्या पलटणींच्या निशाणावर युद्धसन्मान म्हणून कोरले गेले.

या सैन्याचा खर्च हा निजाम आणि कंपनी सरकार यांच्यातील सततच्या वादाचा विषय होता. १८५३ च्या तहान्वये त्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थेकडे देण्यात आले. त्यांपैकी धाराशिव व रायचूर दुआब १८६० मध्ये निजामाला परत मिळाले. लातूर जिल्हा ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला, तोच हा धाराशिवचा मुलूख होय. म्हणजे या भागातील रयतेचा शेतसारा काही काळ थेट कंटिंजंटच्या खर्चासाठी वळवला गेला होता. सैन्य आणि जमीन यांचे नाते येथे दुहेरी होते. जमिनीच्या उत्पन्नावर सैन्य पोसले जाई आणि जमिनीच्याच अंगावर ते सराव करी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंटिंजंटमध्ये घोडदळाची चार पथके, चार तोफखाने आणि पायदळाच्या सहा पलटणी होत्या. त्या हैदराबादजवळील बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर (अचलपूर) इत्यादी ठाण्यांवर आळीपाळीने राहत. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम यांच्यात वऱ्हाडविषयीचा करार झाला. वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर वऱ्हाड कायमचे इंग्रजांकडे गेले, आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन करण्यात आले. हिंगोलीची छावणी त्याच सुमारास संपली. मोमिनाबादचे महत्त्वही कमी झाले.

त्यानंतरच्या गॅझेटियरमध्ये हिंगोलीची नोंद 'कंटिंजंटचे एके काळचे ठाणे' अशी येते. लोकसंख्या, बाजारपेठ, कापसाचा व्यापार यांची माहिती तेथे मिळते. छावणीच्या जमिनीत काय राहिले हा प्रश्न त्या काळच्या प्रशासकाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. महसूल खात्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे क्षेत्र, प्रतवारी, आकारणी आणि धारक. ही दृष्टी निजामाच्या राजवटीनंतरही टिकून राहिली. आजचा सातबारा उताराही जमिनीचा धारक, पीक, आकार आणि इतर हक्क सांगतो. जमिनीच्या पोटात काय पुरले गेले आहे, हे सांगण्यासाठी त्यात रकाना नाही.

२. सरावभूमीत काय उरते

लष्करी सरावातून जमिनीत उरणारे पदार्थ स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार बंदुकीच्या गोळ्यांचा. निशाण्यामागे उभारलेल्या मातीच्या बांधात गोळ्या रुततात. गोळीचा गाभा शिशाचा असतो, त्यात कठीणपणासाठी अँटिमनी मिसळलेली असते आणि पुढील काळातील गोळ्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. एकोणिसाव्या शतकात वापरात असलेल्या स्नायडर रायफलीच्या एका गोळीचे वजन सुमारे ३१ ग्रॅम होते. केवळ उदाहरणादाखल हिशेब करावयाचा झाल्यास, ८०० शिपायांच्या पलटणीने दरसाल माणशी १०० गोळ्या झाडल्या तर एका वर्षात जवळजवळ अडीच टन शिसे एकाच बांधात जाते. शिशाला बाजारात किंमत असल्याने बांधातून गोळ्या वेचून ते पुन्हा वितळवण्याची प्रथा जुनी आहे. त्यामुळे सगळे शिसे जागेवर राहत नाही. परंतु आघाताने फुटलेले बारीक कण आणि गोळीवर चढलेल्या गंजाची भुकटी वेचता येत नाही. मातीत मिसळणारा भाग हाच असतो.

दुसरा प्रकार न फुटलेल्या दारूगोळ्याचा. डागलेल्या तोफगोळ्यांपैकी काही नेहमीच फुटत नाहीत. ते जमिनीत घुसून राहतात आणि अनेक दशकांनंतरही जिवंत असू शकतात. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने ईशान्येकडील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर प्रदेश 'लाल पट्टा' म्हणून वेगळा काढला. त्यातील काही भागात आजही शेती करता येत नाही आणि नांगराला लागलेले गोळे दरवर्षी गोळा करावे लागतात.

तिसरा प्रकार स्फोटक रसायनांचा. अर्धवट फुटलेल्या गोळ्यांतून टीएनटी, आरडीएक्स यांसारखी द्रव्ये मातीवर विखुरतात. टीएनटीचे मातीत रूपांतर होते आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये चिकणमाती व सेंद्रिय अंशाला बऱ्याच प्रमाणात चिकटून राहतात. आरडीएक्स मात्र मातीला फारसे चिकटत नाही आणि पावसाच्या पाण्याबरोबर भूजलापर्यंत पोहोचते. अग्निबाणांच्या इंधनातील परक्लोरेट हे क्षार त्याहूनही सहज वाहून जातात.

कंटिंजंटच्या काळातील छावण्यांचा संबंध मुख्यतः पहिल्या प्रकाराशी, म्हणजे शिशाशी येतो. दुसरा व तिसरा प्रकार हा विसाव्या शतकातील तोफखाना आणि रणगाडे यांच्या सरावभूमीचा वारसा आहे. हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक प्रकाराची सफाई वेगळी आहे आणि भीतीही वेगळी आहे. शिसे हळूहळू, धूळ आणि विहिरीच्या पाण्यावाटे शरीरात जाते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. तोफगोळा एका क्षणात जीव घेतो.

३. काळी माती आणि काळा पाषाण

परदेशात विकसित झालेल्या शुद्धीकरणाच्या पद्धती दख्खनच्या पठारावर जशाच्या तशा लागू होत नाहीत. याची दोन कारणे आहेत : आपली माती आणि आपला खडक.

मराठवाड्यातील काळी माती अल्कधर्मी असून तिच्यात चुनखडी व चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. अशा मातीत शिसे बरेचसे धरून ठेवले जाते. आम्लधर्मी वाळूसर मातीत ते जितक्या सहज पाण्यात उतरते तितके येथे उतरत नाही. ही एका अर्थाने निसर्गाने दिलेली सवलत आहे. परंतु हीच माती उन्हाळ्यात आटते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगते. वरची माती भेगांतून खाली जाते आणि खालची वर ढकलली जाते. शेतातील दगड कितीही वेचले तरी पुन्हा वर येतात, हा शेतकऱ्याचा अनुभव याच क्रियेशी निगडित आहे. धातूच्या वस्तूही या हालचालीतून सुटत नाहीत. म्हणून काळ्या रानात एकदा वरवरची सफाई केली म्हणजे काम संपले असे मानता येत नाही. काही पावसाळ्यांनंतर तेच रान पुन्हा तपासावे लागते.

दुसरी अडचण बसाल्टची आहे. जमिनीखालील लोखंडी गोळा शोधण्यासाठी वापरली जाणारी अनेक उपकरणे चुंबकीय क्षेत्रातील फरक टिपतात. बसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे खडकाचा तुकडा आणि पुरलेला गोळा यांचे संकेत एकमेकांत मिसळतात, खोट्या सूचनांची संख्या वाढते आणि प्रत्येक सूचनेपाशी हाताने खोदून पाहावे लागते. शिवाय बसाल्टमधील भूजल खडकाच्या फटी व झिजलेल्या थरांतून वाहते. विरघळलेले रसायन एखाद्या फटीतून दूरच्या विहिरीत पोहोचेल आणि जवळची विहीर स्वच्छ राहील, हे येथे शक्य आहे. दोन-चार विहिरींची तपासणी करून सबंध परिसर निर्धोक ठरवणे म्हणूनच पुरेसे होत नाही.

४. घोड्यावरून रणगाड्याकडे : नगरचे सरावक्षेत्र

कंटिंजंटच्या विलीनीकरणानंतर त्याचे घोडदळ २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स आणि ३० वी लान्सर्स (गॉर्डन्स हॉर्स) या पथकांत रूपांतरित झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत पहिल्या दोन पथकांची मिळून डेक्कन हॉर्स ही एक पलटण झाली. पुढे घोडे गेले व रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे लढलेली डेक्कन हॉर्स ही त्याच परंपरेतील रणगाडा पलटण होय. मराठवाड्याच्या छावण्यांतून गेलेल्या सैन्याचा धागा अशा प्रकारे आजच्या चिलखती दलापर्यंत येतो.

या चिलखती दलाचे प्रशिक्षणाचे माहेरघर म्हणजे मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. फाळणीनंतर १९४८ मध्ये तेथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेची घडी बसली. घोडदळाला कवायतीसाठी माळरान पुरत असे. रणगाड्याच्या तोफेला कित्येक किलोमीटरचा मोकळा पल्ला लागतो. नगरजवळील खारेकर्जुने या गावावरून 'के. के. रेंज' हे नाव मिळालेले सरावक्षेत्र या गरजेतून वापरात आले. नगर, राहुरी आणि पारनेर या तालुक्यांतील तेवीस गावांच्या जमिनी या क्षेत्राच्या विस्ताराशी निगडित असल्याने २०२० मध्ये तेथे मोठे आंदोलन उभे राहिले व तो प्रश्न संरक्षण मंत्र्यांपर्यंत नेण्यात आला. मुळा धरण आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांसाठी ज्या परिसराने आधीच जमिनी दिल्या होत्या, तोच हा परिसर आहे.

या आंदोलनातील मुख्य मुद्दा स्वाभाविकपणे जमीन जाण्याचा होता. जमिनीच्या मागण्यांमध्ये विस्थापन, मोबदला आणि सिंचनाखालील क्षेत्र यांची चर्चा होते. परंतु ज्या जमिनीवर अनेक दशके रणगाड्यांचे गोळे पडले, ती कधी काळी परत करावयाची झाल्यास कोणत्या अवस्थेत करावयाची, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत अद्याप मध्यवर्ती झालेला नाही.

५. कायदा काय सांगतो

भारतात लष्करी सरावासाठी नागरी जमीन वापरण्याचा आधार १९३८ चा युद्धसराव, क्षेत्रीय गोळीबार व तोफखाना सराव अधिनियम हा आहे. या कायद्यान्वये राज्य शासन अधिसूचनेद्वारे सरावाचे क्षेत्र ठरवते, सरावाच्या दिवशी धोक्याचा पट्टा जाहीर होतो, जिल्हाधिकारी त्या पट्ट्यात प्रवेशास मनाई करतात आणि होणाऱ्या नुकसानीची भरपाई संरक्षण खात्याच्या निधीतून दिली जाते. माणसे व जनावरे बाहेर काढल्यामुळे बुडालेली मजुरी आणि खराब झालेले पीक यांचाही भरपाईत समावेश आहे. वसाहतकाळातील इतर अनेक कायद्यांच्या तुलनेत ही तरतूद रयतेचा विचार करणारी आहे, हे मान्य करावे लागते.

युद्धसरावासाठी वापरलेली जमीन शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितकी पूर्वस्थितीत आणणे हे तुकडीच्या प्रमुख अधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचेही कायदा सांगतो. येथे 'शक्य तितकी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९३८ मध्ये पूर्वस्थिती म्हणजे मोडलेले बांध, तुडवलेले पीक, खणलेले खंदक आणि पडलेली कुंपणे. जमिनीखाली किती खोलीपर्यंत तपासणी करावी, ती कोणी करावी, जमीन निर्धोक झाल्याचा दाखला कोणी द्यावा आणि त्या दाखल्यानंतर अपघात झाल्यास उत्तरदायी कोण, यांविषयी कायदा मौन बाळगतो. हा दोष त्या काळाच्या ज्ञानाचा होता. तो आजही तसाच राहावा याला मात्र ज्ञानाची सबब नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम यांनी 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व आपल्या व्यवस्थेत रुजवले. जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम अधिसूचित झाले. स्थळाची ओळख, तपासणी, जबाबदार घटकाचा शोध आणि शुद्धीकरण असा क्रम या नियमांनी प्रथमच घालून दिला. या नियमांची रचना मातीतील व पाण्यातील रासायनिक घटकांच्या प्रमाणाभोवती आहे. शिशाच्या प्रश्नाला ती उपयोगी पडू शकते. न फुटलेल्या तोफगोळ्याला मात्र दशलक्षांशात मोजता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियमावलीची आवश्यकता राहतेच.

६. सफाई कोणी केली : भंगार वेचणारे हात

कायदा मौन असला तरी व्यवहार थांबत नाही. सरावक्षेत्रांतील धातूची सफाई आपल्याकडे खऱ्या अर्थाने कोणी केली असेल तर ती आसपासच्या गावांतील गरिबांनी. सराव संपल्यावर पितळेची काडतुसे, तांब्याचे पट्टे आणि लोखंडी तुकडे वेचणे हा अवर्षणग्रस्त भागातील कुटुंबांचा पूरक, आणि दुष्काळी वर्षात मुख्य, उत्पन्नाचा मार्ग बनतो. पितळ व तांब्याला मिळणारा भाव दिवसभराच्या शेतमजुरीपेक्षा अधिक असतो. त्यामुळे मनाईचे फलक, पहारे आणि गुन्हे दाखल होण्याची भीती या सर्वांवर मात करून माणसे आत जातात. न फुटलेला गोळा फोडून त्यातील धातू काढण्याच्या प्रयत्नात जीव गमावल्याच्या किंवा हात-पाय तुटल्याच्या घटना देशातील अनेक सरावक्षेत्रांलगत वारंवार घडल्या आहेत.

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच्या हद्दीतील सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये रोजंदारीवर आणलेले परिसरातील मजूर होते. ही जागा रूढ अर्थाने सरावाची नव्हती; पण प्रश्नाचे स्वरूप तेच आहे. दारूगोळ्याची शेवटची विल्हेवाट हे अत्यंत कौशल्याचे काम आहे, आणि त्यातील ओझी उचलण्याचा भाग अखेरीस गावातील सर्वांत गरजू माणसाच्या वाट्याला येतो.

अशा घटनांनंतर 'लोक बेकायदेशीरपणे आत जातात' आणि 'प्रशासन लक्ष देत नाही' अशी दोन टोकाची विधाने केली जातात. इतिहासाच्या दृष्टीने पाहता दोन्ही अपुरी आहेत. सफाईची संस्थात्मक जबाबदारी जेथे निश्चित नसते तेथे ती बाजार उचलतो, आणि बाजार ती जीव स्वस्त असलेल्या माणसाकडे सोपवतो. भंगार वेचणारा माणूस हा या व्यवस्थेतील गुन्हेगार म्हणून नोंदला जातो. वस्तुतः तो तिचा बिनपगारी सफाई कामगार आहे. शिवाय त्याने केलेली सफाई निवडक असते. किंमत असलेला धातू तो नेतो. शिशाची भुकटी, स्फोटक द्रव्याचे कण आणि खोल रुतलेले गोळे जागेवरच राहतात.

७. जमीन परत आल्याची उदाहरणे

सरावाची जमीन परत मिळाल्याची आणि तिची सफाई झाल्याची उदाहरणे अभ्यासली असता या कामाचा आवाका ध्यानात येतो.

काश्मीरमधील बडगाम जिल्ह्यातील तोसामैदान हे विस्तीर्ण कुरण १९६४ पासून तोफखान्याच्या सरावासाठी वापरात होते. त्या काळात न फुटलेल्या गोळ्यांनी साठांहून अधिक लोकांचे बळी घेतले, असे स्थानिक संघटनांनी नोंदवले आहे. भाडेपट्ट्याची मुदत २०१४ मध्ये संपली. दीर्घ लोकचळवळीनंतर ती वाढवण्यात आली नाही. त्यानंतर लष्कराने 'ऑपरेशन फलाह' या नावाने सफाई मोहीम राबवली आणि २०१६ मध्ये कुरण लोकांसाठी खुले झाले. सैन्याने स्वतः सफाईची जबाबदारी घेतल्याचे हे भारतातील महत्त्वाचे उदाहरण आहे. मात्र मोहिमेनंतरही तेथे प्राणघातक स्फोट घडला. 'सफाई झाली' आणि 'जमीन निर्धोक झाली' या दोन विधानांतील अंतर त्यातून स्पष्ट होते. झारखंडमधील नेतरहाट सरावक्षेत्राच्या बाबतीत आदिवासींच्या सुमारे तीन दशकांच्या आंदोलनानंतर २०२२ मध्ये राज्य शासनाने अधिसूचनेची मुदत न वाढवण्याचा निर्णय घेतला.

आपल्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण हवाई बेटांतील काहोओलावे या बेटाचे आहे, कारण तेही दख्खनप्रमाणे बसाल्टचे आहे. सुमारे ११६ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे बेट १९४१ पासून अमेरिकी नौदलाच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरले गेले. मूळ रहिवाशांच्या चळवळीनंतर १९९० मध्ये बॉम्बफेक थांबली. सफाईसाठी अमेरिकी संसदेने ४० कोटी डॉलरची तरतूद केली आणि दहा वर्षांची मुदत घातली. मुदत संपली तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्राची पृष्ठभागावरील सफाई झाली होती. चार फूट खोलीपर्यंतची सफाई जेमतेम एक-दशांश क्षेत्रात झाली होती. चुंबकीय गुणधर्माच्या मातीमुळे शोधकार्य मंदावले, हे त्यामागील कारणांपैकी एक होते. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राला एवढ्या निधीत एक लहान बेट पूर्ण स्वच्छ करता आले नाही, यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : सरावभूमीची सफाई नंतर करण्यापेक्षा सरावाच्या काळातच, प्रत्येक सत्रानंतर, गोळ्यांची मोजदाद व नोंद ठेवून करणे कितीतरी स्वस्त पडते.

शिशाच्या बाबतीत परिस्थिती अधिक आशादायक आहे. बांधाची माती चाळून गोळ्या वेगळ्या करणे, मातीत स्फुरदयुक्त खनिज मिसळून शिशाचे न विरघळणाऱ्या संयुगात रूपांतर करणे आणि धूप रोखण्यासाठी गवताचे आच्छादन देणे हे उपाय तुलनेने अल्प खर्चाचे आहेत. आपल्याकडील वाळा हे गवत शिसे सहन करते आणि त्याच्या खोल मुळ्या माती धरून ठेवतात. मराठवाड्यातील कृषी व विज्ञान महाविद्यालयांच्या आवाक्यातील हे संशोधन आहे.

८. प्रश्नाची आजची निकड

हा विषय केवळ पुराणवस्तूंचा नाही. संरक्षण खात्याने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या जमिनींचे सर्वेक्षण पूर्ण केले. ते क्षेत्र सुमारे १७.७८ लाख एकर आहे. आधुनिक साधनांनी सीमा आणि मालकी निश्चित करणे हा त्या सर्वेक्षणाचा हेतू होता. दुसरीकडे २०२३ पासून देशभरातील छावणी मंडळांचा नागरी भाग लगतच्या नगरपालिका व महानगरपालिकांमध्ये विलीन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. महाराष्ट्रात अशी सात छावणी मंडळे असून छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर येथील मंडळे त्यांत आहेत. लष्करी व्यवस्थापनाकडून नागरी व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या जमिनीचा हा १९०३ नंतरचा मोठा टप्पा आहे. हिंगोली आणि मोमिनाबादच्या वेळी मातीचा प्रश्न विचारला गेला नाही. या वेळी तो विचारण्याइतके ज्ञान आपल्याजवळ आहे.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) मराठवाड्यातील कंटिंजंटच्या छावण्या हा केवळ राजकीय इतिहासाचा विषय नसून भूमीच्या इतिहासाचाही विषय आहे. जुने नकाशे, छावण्यांचे आराखडे व 'चांदमारी'सारखी स्थलनामे ही त्या अभ्यासाची साधने होत.

२) लष्करी प्रदूषणाचे स्वरूप काळानुसार बदलले आहे. जुन्या छावण्यांचा प्रश्न प्रामुख्याने शिशाचा, तर आधुनिक सरावक्षेत्रांचा प्रश्न न फुटलेल्या दारूगोळ्याचा व स्फोटक रसायनांचा आहे.

३) दख्खनच्या काळ्या मातीत व बसाल्ट खडकात सफाईची परदेशी मानके जशीच्या तशी वापरता येत नाहीत. पुनर्तपासणीचा कालावधी आणि शोधाची पद्धत येथील भूमीनुसार ठरवावी लागेल.

४) १९३८ च्या कायद्यातील 'शक्य तितकी' पूर्वस्थिती या शब्दांना आजच्या ज्ञानानुसार निश्चित अर्थ देणे आवश्यक आहे. तपासणीची खोली, दाखला देणारा अधिकारी आणि दाखल्यानंतरचे उत्तरदायित्व या तीन गोष्टी नियमांत स्पष्ट व्हाव्यात.

५) जमिनीचा लष्करी वापर आणि झालेली सफाई यांची नोंद सातबाऱ्यातील 'इतर हक्क' या रकान्यात घेतली जावी. ही सूचना साधी आहे. तिला मोठा निधी लागत नाही. जमीन विकत घेणाऱ्याला, विहीर खोदणाऱ्याला, शाळेसाठी जागा निवडणाऱ्या ग्रामपंचायतीला तिच्यामुळे सावध होता येईल.

६) सरावक्षेत्रालगतच्या गावांतील भंगार वेचणाऱ्यांकडे केवळ कायदाभंगाच्या दृष्टीने न पाहता त्यांच्यासाठी पर्यायी रोजगार आणि प्रशिक्षित पथकांमार्फत धातूची सफाई अशी व्यवस्था उभारावी. धातूच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा वाटा गावाला मिळाल्यास आत जाण्याचे कारणही कमी होईल.

राष्ट्राच्या संरक्षणासाठी सराव आवश्यक आहे आणि सरावासाठी जमीनही आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. त्या जमिनीने राष्ट्रासाठी जे सोसले त्याची नोंद ठेवणे आणि ती परत देताना निर्धोक करून देणे, हा संरक्षणाच्याच खर्चाचा भाग मानला गेला पाहिजे. आजवर त्या खर्चाचा मोठा वाटा भंगाराच्या पोत्यामागे धावणाऱ्या माणसांनी आपल्या जिवाने उचलला आहे.